अंगाइतकं कोमट

१

काच धुताना घाई करायची नाही. आधी साधं पाणी, मग साबण, परत साधं पाणी, आणि शेवटी मॅडमच्या डब्यातलं शुद्ध पाणी, तेही जपून. पाणी सरळ चादरीसारखं खाली ओघळलं तर काच स्वच्छ झाली. थेंब थेंब चिकटून राहिले तर समजायचं, कुणाच्या तरी बोटांचं काही मागे राहिलंय.

मलावीतल्या झोम्बाच्या डोंगराखालच्या कॉलेजात मी हेच काम करत म्हातारा झालो. पोरं मला आगोगो म्हणतात, म्हणजे आजोबा. मॅडमही तेच म्हणतात. मॅडमचं नाव लुसुंगु म्होने. वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, पण प्रयोगशाळा त्यांची. मला आकडे कळतात, अक्षरं कळत नाहीत. त्यावाचून अडलं नाही.

पातळ पदार्थ कोणता आहे हे मॅडम तो उकळून ओळखतात. आता हे मी रोज बघतो म्हणून मला कळतं. पातळ तापत जातं तसा थर्मामीटरमधला पारा चढत जातो, आणि उकळी धरली की थांबतो. मग कितीही जाळ लावा, पारा हलायचा नाही. प्रत्येकाची थांबायची जागा ठरलेली. पाण्याची आमच्याकडे सत्त्याण्णव. पुस्तकात शंभर लिहिलंय म्हणे, पण पुस्तक लिहिणारा आमच्याइतक्या उंचावर राहत नसणार.

एक मात्र आहे. गोल चंबूत पातळ नुसतं तापवलं तर ते गप्प बसतं. तापतं, तापतं, पण उकळत नाही, आणि मग एकदम उसळी मारून छताला जातं. म्हणून तळाशी खापरीचे चार बारीक तुकडे टाकायचे. कच्च्या मातीला बारीक बारीक भोकं असतात. तिथून बुडबुडे निघतात आणि पातळ शहाण्यासारखं उकळतं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते एवढ्याशा खापरीपासून झालं.

२

माझी बहीण एनिफा गावात काचासू गाळते. काचासू म्हणजे मक्याची आणि साखरेची हातभट्टी. नवरा कधीच निघून गेला. आमच्यात नवरा येतो नि जातो, बहिणीचा भार भावावरच असतो. तिचं लग्न ठरवायला मी, तिचं भांडण मिटवायला मी, आणि तिला पोलिसांनी नेलं तेव्हा ठाण्याच्या खिडकीशी उभा राहायला पण मीच.

तिचं रोजचं गिऱ्हाईक होतं लायितोनी. त्याच्या आईने केलेला मातीचा एक वाडगा घेऊन यायचा. प्लास्टिकच्या पेल्यातून प्यायचा नाही, म्हणायचा प्लास्टिक दारूची चव चोरतं. वाडग्याच्या काठाला एका जागी अंगठ्याएवढी खळी होती, माती ओली असताना त्याच्या आईने मुद्दाम दाबलेली. तिथे अंगठा ठेवून तो घोट घ्यायचा. गटकन आवाज व्हायचा, मग सावकाश म्हणायचा, ‘हाऽऽ.’ आणि वाडगा पुढे करायचा. ‘अजून थोडी आहे ना गं, एनिफा?’

गावात एक लग्न झालं. तिथली दारू एनिफाची. शेवटच्या भांड्यातली जवळजवळ सगळी लायितोनीच प्यायला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी लायितोनी अंगणात बसून म्हणाला, ‘अरे दिवा लावा की, किती अंधार झाला.’

लोक हसले. ‘आधी उतरू दे, मग सूर्य दिसेल,’ कुणीतरी म्हणालं.

ऊन डोक्यावर होतं. तो हात चाचपत म्हणत राहिला, दिवा लावा, दिवा लावा. संध्याकाळपर्यंत गेला.

मी ठाण्यावर गेलो तेव्हा एनिफा गजांपाशी उभी होती.

‘दादा, मी काही घातलं नाही त्यात.’

‘खरं?’

‘पोलीस विचारतो, त्याला त्याचा पगार आहे. तुला कोण पगार देतं रे मला विचारायचा?’

तिच्यासाठी नेलेली न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, आणि सुकी मासळी आत सरकवली. तिने खाल्ली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

उरलेली दारू पोलिसांनी एका लहान बाटलीत लाख लावून ठेवली होती. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची तर पाळी येईपर्यंत एनिफा आतच राहणार होती. तेव्हा ठाण्याच्या साहेबाने कॉलेजात विचारलं. मॅडम म्हणाल्या, आणा.

‘आगोगो,’ त्या मला म्हणाल्या, ‘ती तुमची बहीण आहे हे मला माहीत आहे. तुम्ही काच धुवा, पण बाटलीला हात लावू नका. चालेल?’

‘चालेल.’

‘खरी दारू इथे शहात्तरच्या आसपास थांबते. रंगवाल्यांचा जो विषारी स्पिरिट असतो तो बासष्टच्या जवळ. विष असेल तर तेच आधी वर येईल, कारण ते आधी उकळतं. पारा बासष्टजवळ रेंगाळला तर...’

वाक्य पुरं करायची गरज नव्हती. बासष्ट म्हणजे एनिफा आयुष्यभर आत. शहात्तर म्हणजे एनिफा घरी.

३

बाटली आली त्याच सकाळी खापऱ्यांचा डबा रिकामा निघाला. पोरांनी परीक्षेच्या सरावात संपवलेल्या.

मॅडम दारातून आल्या त्या रुमालात काहीतरी धरूनच. ‘आगोगो, डबा रिकामा आहे हे मला काल आठवलं, आणि आज वाटेत हे सापडलं. बघा, कच्ची भाजणी, झिलई नाही. पावसाने वाटेवर वाहून आणलीय. देवाला पण रसायनशास्त्र येतं!’

मोठी जाड खापरी होती. कडेला चिखल. मॅडम ब्लांटायर शहरात वाढलेल्या. त्यांच्या घरात अल्युमिनियमची भांडी. कॉलेजला येताना जवळची वाट धरतात, ती मसणराईच्या कडेने येते. आम्ही गावातली माणसं लांबून येतो. राईतली फांदीसुद्धा आम्ही तोडत नाही. पण खापरी कुठे सापडली हे मी विचारलं नाही, आणि सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. माझे डोळे जवळचं नीट बघत नाहीत. चिखल धुतला, फडक्यात गुंडाळून दगडाने फोडली, तुकडे पुन्हा धुतले. पाणी त्यांच्यावरून सरळ ओघळेना. खापरी पाणी पिते, मी म्हटलं, काच थोडीच आहे ती. भट्टीत सुकवून दिले.

बाटलीबरोबर आलेला शिपाई बाहेर ओट्यावर बसून भाजलेला मका खात होता. ‘आगोगो,’ तो खिडकीतून म्हणाला, ‘उरली तर दोन थेंब इकडे सरकवा. पुराव्याची चव बघतो.’

‘आधीच्याला विचार कशी लागली,’ मी म्हणालो.

तो हसायचा थांबला.

४

दुपार होती. खिडक्यांतून ऊन टेबलावर पसरलेलं. मॅडमनी सगळी बाटली चंबूत ओतली, फार नव्हतीच. तळाशी खापरीचे तुकडे टाकले. चंबू पाण्याच्या पातेल्यात ठेवला, पातेलं विजेच्या शेगडीवर. दारूला उघडा जाळ चालत नाही. वर थर्मामीटर, बाजूला गार पाण्याची नळी, नळीच्या टोकाशी रिकामा काचेचा पेला. वर गेलेली वाफ थंड होऊन त्या पेल्यात थेंब थेंब पडते.

मॅडमनी शेगडी लावली आणि वही घेतली.

मी हात पुसत होतो तेवढ्यात बुडबुडे दिसले.

‘मॅडम, उकळलं.’

‘अहो, आत्ताच तर लावली.’ त्या वाकल्या. खापरीच्या तुकड्यांतून बुडबुडे येत होते. चांगले, मोठे. दारू खळखळत होती. त्यांनी पाऱ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं.

‘सदतीस.’

‘कमी आहे?’

‘आगोगो, सदतीसला मी उकळते आणि तुम्ही उकळता. ताप नसलेलं माणूस असतं ते.’ त्या हसल्या, पण हसू ओठांपुरतंच राहिलं. ‘थर्मामीटर गेला हा.’

दुसरा आणला. मॅडमनी आधी त्याने दुसऱ्या पातेल्यातलं उकळतं पाणी मोजलं. सत्त्याण्णव, बरोबर. मग चंबूवर बसवला. पारा चढला आणि थांबला. सदतीस.

मी चंबूखालच्या पातेल्यातल्या पाण्यात बोट घातलं. कोमट. तान्ह्या मुलाच्या अंगासारखं. इतक्या उबेवर काही उकळत नाही हे मलाही कळतं. मनात म्हटलं, दारूत हवा असेल, पहिल्यांदा हवाच सुटते. मॅडमही तेच म्हणाल्या. पण हवा सुटते ती एकदा सुटून संपते. हे बुडबुडे थांबत होते. मग येत होते. परत थांबत होते. मी बघत राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की माझी छातीही त्यांच्याबरोबर वर-खाली होतेय.

‘पेल्यात किती आलं?’ मॅडमनी विचारलं.

पेला कोरडा होता.

चंबूतली दारू उतरलेली दिसत होती, दोन बोटं तरी. नळीच्या टोकावरून थेंब पडत होते. पडत होते हे मी डोळ्यांनी बघत होतो. एक थेंब सुटला, आणि पेल्याच्या तळाला लागला नाही. दुसरा सुटला. तोही नाही. तळाला लागल्याचा आवाजच नव्हता.

आवाज दुसराच होता. हळू. मला वाटलं नळाचा असेल, जुने नळ असे करतात.

गटक.

मग जरा वेळाने, जवळून, कुणीतरी समाधानाने सोडावा तसा श्वास. पेल्याच्या काठावर वाफ धरली. अर्ध्या चंद्रासारखी. विरली. परत धरली.

मॅडमनी भिंतीतली पिन ओढून काढली. शेगडी विझली. त्यांनी वायर हातात धरून ठेवली होती, उंदराची शेपटी धरावी तशी.

बुडबुडे चालूच होते.

आणि तेव्हा पेला हलला. सरकला नाही, पडला नाही. एका बाजूने सावकाश उचलला गेला, तळाची एक कडा टेबलावर टेकलेली, दुसरी वर. शेवटचा घोट घेताना आपण पेला तिरका करतो ना, तेवढाच. तसाच थांबला. मग खाली आला, टेबलावर हळूच टेकला, आणि किंचित पुढे सरकला. माझ्या दिशेने.

कुणी पुढे करावा तसा.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त माझा हात धरला, आणि नखं इतकी रुतवली की नंतर बरेच दिवस तिथे वळ होते.

५

शिपायाला काही ऐकू गेलं नव्हतं. मक्याचं कणीस छातीवर धरून तो झोपला होता.

बुडबुडे आपोआप थांबल्यावर मी चंबू उतरवला. बाटलीला हात लावणार नाही असं कबूल केलं होतं, पण मॅडमनी अजून वायर सोडली नव्हती, आणि काच माझी होती. दारू स्वच्छ भांड्यात गाळून घेतली. खापरीचे तुकडे फडक्यावर पसरले, सुकवायला. सवय. हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

ऊन थेट त्यांच्यावर पडलं होतं. दोन तुकड्यांची एकेक बाजू गोल कापल्यासारखी. शेजारी ठेवले तर मधे गोल भोक झालं. आतून बाहेर पाडलेलं, मुद्दाम.

आमच्यात मेलेल्या माणसाचं जेवायचं-प्यायचं भांडं त्याच्या मातीवर ठेवतात, आणि ठेवताना बुडाला भोक पाडतात. त्यातून कुणा जिवंत माणसाने पिऊ नये म्हणून.

तिसऱ्या तुकड्याला काठ होता. काठावर खळी. मी अंगठा ठेवला. बरोबर बसला.

‘मॅडम, ही खापरी राईपाशी सापडली होती?’

‘वाटेवर. झाडांच्या कडेला.’ त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘का? कुणाची आहे?’

‘ज्याच्यासाठी तुम्ही ही दारू तपासताय त्याची.’

मॅडम स्टुलावर बसल्या. मग त्यांनी व्हरांड्यातली गोकर्णीची कुंडी आणली, रिकामी केली आणि स्वतः फोडली. तिच्या खापऱ्या घालून उरलेली दारू परत चढवली. शेगडी लावली. या वेळी वेळ लागला. पातेल्यातलं पाणी सळसळायला लागलं, चटके बसायला लागले, तेव्हा कुठे चंबूत बुडबुडे आले. पेल्यात थेंब पडला आणि टप असा आवाज झाला. तो आवाज ऐकून मला रडू आलं.

पारा बासष्टपाशी रेंगाळला नाही. सरळ वर गेला आणि शहात्तरवर थांबला. हलेना.

‘आली घरी,’ मी म्हणालो. ‘एनिफा घरी आली.’

मॅडम पाऱ्याकडेच बघत होत्या. ‘आगोगो, जे आधी उकळतं ते आधी जातं. आधी जे गेलं ते मी मोजलंच नाही. ते...’ त्यांनी कोरड्या पेल्याकडे बोट दाखवलं, जवळ न नेता. ‘ते कुठे गेलं?’

दोघांनाही माहीत होतं.

‘माझ्यापाशी जे उरलंय तेवढंच मी लिहू शकते,’ त्या म्हणाल्या. ‘जे उरलंय ते चांगलं आहे. हे खरं आहे ना?’

‘खरं आहे, मॅडम.’

त्यांनी तसंच लिहिलं. मी संध्याकाळच्या आधी तुकडे राईच्या कडेला नेऊन ठेवले. आत जायचा अधिकार फक्त कबर खणणाऱ्यांना. बाहेरूनच म्हणालो, ‘लायितोनी, तुझं तुला पोचलं. बहिणीवर उपकार झाले.’

मला खरंच तसं वाटलं होतं. विष होतं का नव्हतं देव जाणे, पण असेल तर त्याने ते पुन्हा पिऊन टाकलं, एनिफासाठी. रोज तिच्या अंगणात बसायचा तो. जीव लागतो माणसाला.

६

न्यायाधीशाने कागद वाचला आणि एनिफाला सोडलं. मी तिला आणायला गेलो. वाटेत ती माझ्या पुढे चालत होती, आणि चालताना वाटेच्या एका कडेने चालत होती, शेजारी कुणाला जागा द्यावी तशी. मी एकदा बाजूला होऊन तिच्याबरोबर चालायला गेलो तर म्हणाली, ‘मागे ये दादा, इथे दाटी होते.’

कोठडीत राहून माणूस असं बोलतं, मी मनात म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. अंगण कडक तापलेलं. कोंबड्या भिंतीच्या सावलीला. एनिफाने अल्युमिनियमचं पातेलं घेतलं, चहासाठी पाणी भरलं, तीन दगडांच्या चुलीवर ठेवलं. लाकडं ओली होती. मी फुंकर घालत होतो, नुसता धूर येत होता, जाळ धरत नव्हता.

पातेल्यात खळखळ झाली.

मी मान वर केली. पाणी उकळत होतं. मोठे बुडबुडे. थांबत होते, येत होते, थांबत होते.

मी पातेल्यात वाकून पाहिलं. तळ स्वच्छ. खापरीचा तुकडा नव्हता, खडा नव्हता, काही नव्हतं. मी नीट पाहिलं. परत पाहिलं. मग बोट घातलं.

अंगाइतकं कोमट.

‘एनिफा,’ मी म्हणालो, ‘हे ओतून दे.’

ती चुलीपाशी बसली होती. शेजारी तीन पेले मांडलेले. ते तिने कधी मांडले मी पाहिलं नव्हतं.

‘तिसरा कुणाला?’

‘दादा,’ ती हळू म्हणाली, ‘लग्नाला माणसं जास्त झाली होती. दारू पुरेना. शेवटच्या भांड्यात रंगवाल्याकडची एक बाटली घातली मी. एकच. पाणी घालतात तशी.’

मी ओलं बोट सदऱ्याला पुसलं.

‘त्याला माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘कोठडीत माझ्याशेजारीच बसायचा. म्हणायचा, इथे नको, माणसं बघतात. आधी घरी चल. मी तुला सोडवतो.’

तिने पेला पातेल्यात बुडवला. मी हात पुढे केला. देवाशपथ केला, पण म्हाताऱ्याचा हात, धुरातून पोचेपर्यंत तिने पेला तोंडाला लावला होता. अंगठा काठावर एका जागी ठेवून. गटकन आवाज झाला.

‘हाऽऽ,’ ती म्हणाली. तो आवाज तिचा नव्हता.

मग तिने पेला खाली ठेवला. ठेवताना जमीन चाचपली. तोंड वर केलं. ऊन थेट तिच्या उघड्या डोळ्यांत पडत होतं आणि ती पापणीसुद्धा हलवत नव्हती.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘दिवा लाव ना रे. किती अंधार झाला.’